स्पितीला सायकल न्यायची आहे? नाशिकहून निघण्याआधीची तयारी

हिमाचलमधल्या स्पितीच्या खोऱ्यात माउंटन बाइक चालवायची तर नाशिककरांना सप्टेंबर सोयीचा. स्पिती पर्जन्यछायेत असली तरी तिथवर नेणारा किन्नौरचा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये दरडींनी अडतो. ऑक्टोबर लागला की रात्री पाणी गोठू लागतं आणि मनालीकडून स्पितीत उतरणाऱ्या कुंझुम खिंडीचा नेम राहत नाही. सप्टेंबर धरला तर जून ते ऑगस्ट असे तीन महिने हाताशी येतात. तेवढ्यात सायकल आणि पाय दोन्ही इथे तयार होतात. विरळ हवेची सवय मात्र इथे होत नाही. नाशिक ६०० मीटरच्या आसपास, स्पितीचं मुख्य गाव काझा ३,७०० च्या आसपास, आणि त्याच्या वरच्या लांगझा-कोमिक गावांच्या वाटा ४,४०० ते ४,६०० मीटरवर. अंजनेरी कितीही वेळा चढलात तरी ती १,३०० मीटरचीच. त्यामुळे काही कामं नाशिकमध्येच उरकायची आणि हवेचं काम वाटेवर सोडायचं.

आधी टायर. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती चाकात गच्च बसते, म्हणून इथे लांब आणि विरळ खुंट्यांचा टायर बरा वाटतो. स्पितीत चिखल जवळजवळ नसतोच. असते ती सुटी खडी, धूळ आणि कडा धारदार असलेला दगड. तिथे २.३ ते २.४ इंच रुंद आणि बाजूची भिंत जाड असलेला टायर हवा, कारण भोक पडण्यापेक्षा बाजू चिरण्याची भीती मोठी. चिरेवर सीलंटचं (टायरमध्ये ओतायचा, भोक बुजवणारा द्रव) काही चालत नाही. टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असला तरी दोन ट्यूब, भोक बुजवायच्या प्लगचा संच आणि चीर झाकायला टायरला आतून लावायचा बूट घ्या. बूट म्हणून जुन्या टायरची बोटभर लांब पट्टी कापून ठेवली तरी चालते. एप्रिल-मेमध्ये टाकलेलं सीलंट नाशिकच्या उन्हात बहुधा वाळून गेलेलं असतं; निघण्याच्या आठवडाभर आधी उघडून पाहा आणि २९ इंची टायरमध्ये साधारण १०० मिलिलिटर नवं भरा.

हवेचा दाब इथे ठरवून तिथे तसाच ठेवायचा नाही. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे टायरमधला दाब गेजवर वाढलेला दिसतो. थंडीने तो थोडा उतरतो. नाशिकला ३० अंशांत २५ पीएसआय (दाबाचं एकक) भरलेला टायर काझ्यात १० अंशांना २७ च्या जवळ दाखवेल. पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या हवेच्या सस्पेन्शन फोर्कमध्ये मुळात दाब जास्त असल्याने थंडीचा परिणाम वरचढ ठरतो आणि ८० पीएसआयचे साधारण ७८ होतात. म्हणून पाठपिशवीसकट सायकलवर बसून सॅग (आपल्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते) तिथे पुन्हा मोजायचा: फोर्कचा दबण्याच्या पूर्ण अंतराच्या २० टक्क्यांच्या आसपास, मागच्या शॉकचा २५ ते ३०. त्यासाठी शॉक पंप (सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा पंप) लागतोच, आणि तो काझ्यात उसना मिळेल या भरवशावर राहू नका. हातपंपही घ्या. हवा विरळ असल्याने तोच टायर भरायला नाशिकच्या जवळजवळ दीडपट हात मारावे लागतात, तेव्हा पंप खराब आहे असं समजू नका.

ब्रेकवर सगळ्यांत जास्त वेळ द्या. कोमिकहून काझ्यापर्यंत जवळजवळ ९०० मीटरचा उतार आहे आणि त्यात वळणावळणाला ब्रेक धरावा लागतो. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण २ मिलिमीटर असतो आणि अर्ध्या मिलिमीटरवर पॅड बदलायचे असतात. पण या दौऱ्याला निघताना १ मिलिमीटरपेक्षा कमी थर असेल तर सरळ नवे घाला. रेझिनचे पॅड शांत असतात, पण सतत तापले की पकड सोडतात आणि धुळीत लवकर झिजतात. या दौऱ्याला मेटलचे घ्यावेत. मात्र रोटरवर (पॅड जिला धरतात ती चकती) ‘फक्त रेझिन’ असं कोरलेलं असेल तर मेटलचे पॅड त्याला खातात, त्यामुळे रोटरही बदलावा लागेल. शिमानोचा रोटर १.८ मिलिमीटरचा येतो आणि १.५ ला बाद होतो. व्हर्नियरने मोजायला मिनिटही लागत नाही. लिव्हर दाबल्यावर स्पंजासारखी लागत असेल तर ब्लीड करून, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढून घ्या. आणि दुकानात उभं राहून बघा, कारण डॉट फ्लुइड आणि मिनरल ऑइल या ब्रेकच्या दोन वेगळ्या तेलांची अदलाबदल झाली तर आतले सील फुगतात आणि अख्खा ब्रेक जातो.

नवे पॅड रोटरवर घासून रुळवायला नांदुरी ते सप्तशृंगी गड हा सुमारे १० किलोमीटरचा घाट उत्तम. चढ पायांना, उतार ब्रेकला. आधी सपाटीवर ताशी २० किलोमीटरच्या वेगातून वीसेक वेळा वेग जवळजवळ शून्यावर आणा, चाक लॉक होऊ देऊ नका, आणि मगच घाट उतरा. यात्रेच्या दिवसांत तिकडे फिरकू नका.

आता हँगर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर लटकतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, कारण दगडावर आपटल्यावर फ्रेमऐवजी तो वाकावा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा. दिल्लीतही हमखास मिळत नाही, मनाली-काझ्यात तर सोडाच. एक नाही, दोन घ्या, आणि त्यातला एक घरी एकदा लावून बघा. बरेच जण चुकीच्या मॉडेलचा घेऊन जातात. हजारो रुपयांची हलकी सीटपोस्ट (सीटखालची नळी) घेण्याआधी ही खरेदी करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. चेन मोजून घ्या: अकरा-बारा स्पीडची (म्हणजे मागे तितके गिअर असलेली) ०.५ टक्के ताणली की बदलायची, नऊ-दहाची ०.७५ ला. चेन जोडायची सुटी जोडकडी त्याच स्पीडची हवी. पुढे ३२ दात्यांची चेनरिंग असेल तर ३० किंवा २८ ची बसवा. कसाऱ्याला जो गिअर सहज फिरतो, तो लांगझाच्या चढावर दम काढतो.

पायांची तयारी फार गुंतागुंतीची नाही. आठवड्यात तीन दिवस सायकल, त्यातले दोन दिवस सलग, कारण तिथे रोज उठून चालवायचं असतं. त्र्यंबक, पहिने, घोटी हा रस्ता पावसात पाय आणि मन दोन्ही घट्ट करतो, पण शनिवार-रविवारी धबधब्यांची गर्दी असते, पहाटे जा. अंजनेरी राखीव वनक्षेत्र आहे, पायवाटेवर सायकल घालण्याआधी वनखात्याला विचारा. पाठीवर पाच-सहा किलो घेऊनच सराव करा आणि एका बोटाने ब्रेक सांभाळत सुटी खडी उतरायला शिका.

सायकल रेल्वेने न्यायची तर नाशिक रोडच्या पार्सल ऑफिसात काही तास आधी पोचा. खोक्यावर नाव, फोन, पीएनआर आणि उतरण्याचं स्टेशन दोन बाजूंना लिहा. गाडी इथे काही मिनिटंच थांबते, सायकल मागाहून दुसऱ्या गाडीने येऊ शकते; दिल्लीत एक दिवस राखून ठेवा. पॅक करताना रोटर टी-२५ पान्याने काढा, ब्रेक पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला (लिव्हर चुकून दाबली तर पिस्टन बाहेर येतात), डिरेलर काढून फ्रेमच्या आत बांधा. डावं पेडल उलट आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. विमानाने जाणाऱ्यांनी टायर भरायची सीओटूची काडतुसं घरी ठेवावीत आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

मनालीहून एका दिवसात काझा गाठणं टाळा. मनाली २,०५० मीटर, कुंझुम ४,५५१. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. सिमला, रामपूर, रेकाँग पिओ या बाजूने जा. कल्पा (२,९६०) इथे दोन रात्री, नाको (३,६६० च्या आसपास) इथे दोन, मग उतरून टाबो (३,२८०) आणि नंतर काझा. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये असा सर्वमान्य नियम आहे. कल्पा-नाको टप्पा तो मोडतो, म्हणूनच नाकोला जादा रात्र. काझ्यात पोचल्यावर पहिला दिवस फक्त ‘की’ नावाच्या मठाच्या दिशेने सावकाश फेरी, तिसऱ्या दिवशी लांगझा, आणि मुक्काम पुन्हा काझ्यातच.

यात एक अडचण नकाशावर सहज दिसत नाही. काझ्यात कोणी आजारी पडलं तर ‘खाली उतरा’ म्हणणं सोपं, पण टाबोपर्यंत फक्त चारेकशे मीटर मिळतात आणि पुढे हाच रस्ता नाकोला पुन्हा चढतो. दुसऱ्या बाजूला कुंझुम. म्हणून डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं एवढं दिसलं तरी त्या दिवशी वर चढू नका. चालताना झोक जाणं, बसल्या जागी दम लागणं किंवा ओला खोकला दिसला तर सकाळची वाट न पाहता काझ्याचं सरकारी रुग्णालय आणि ऑक्सिजन. ॲसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं का, हे नाशिकमध्येच डॉक्टरांना विचारा आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा आणि सायकलिंगची अट शोधून वाचा.

रोजच्या पिशवीत तीन लिटर पाणी, ओआरएस आणि तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं होतील एवढं खाणं. नाशिकचे मनुके यात अप्रतिम: ३० ग्रॅमच्या मुठीत साधारण २४ ग्रॅम मिळतात आणि थंडीत कडक होत नाहीत. चिक्की मात्र दात पाहून न्या. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर रात्री झोपण्याच्या पिशवीत ठेवा. एकदा गोठला की आतून फुटतो आणि वरून कळत नाही. डाउन जॅकेट, वाऱ्याचं जाकीट, अतिनील किरण अडवणारा चष्मा, दोन जोड हातमोजे. रोख रक्कम पुरेशी, एटीएमवर विसंबू नका.

दिवस सकाळी सहाला सुरू करा. दुपारनंतर खोऱ्यात साधारण खालून वर जोराचा वारा सुटतो, त्यामुळे टाबोहून काझ्याला येताना तो पाठीशी आणि परतताना तोंडावर. बर्फ वितळून वाहणारे नालेही दुपारी फुगतात. सकाळी घोट्यापर्यंत असलेलं पाणी तेव्हा गुडघ्यापर्यंत येऊ शकतं. मंत्र कोरलेल्या दगडांची मणी भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, मटाराच्या शेतांच्या बांधावर आणि पाटाच्या कडेवर चाक घालायचं नाही. पाट फुटला तर शेतकऱ्याचं पाणी त्या दिवसापुरतं गेलं.