खडू आणि काठी घेऊन शोधा गाडीचे ब्लाइंड स्पॉट

नव्या गाडीतून आजूबाजूचं कमी दिसतं, ही तक्रार खरी आहे. गाडी उलटली तर छप्पर चेपू नये म्हणून पुढच्या काचेच्या कडेचे खांब, म्हणजे ए-पिलर, जाड झाले. बॉनेट उंचावलं, मागची काच आखूड झाली. यातलं काहीच आपल्याला बदलता येत नाही. मात्र आपल्याला नेमकं कुठलं दिसत नाही ते मोजता येतं. न मोजता आरसे फिरवणं किंवा बाजारातून चिकटवायचे गोल आरसे आणणं म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार.

आधी सीट. डोकं आणि छत यांच्यात चार बोटं अंतर राहील इतकी ती वर घ्या. बरेच जण खाली रेलून बसतात आणि मग बॉनेटच्या नावाने बोटं मोडतात. मागे कुणी बसणार नसेल तर मागच्या सीटचे हेडरेस्ट खाली दाबा. आतल्या आरशातली बरीच जागा तेच खातात. डॅशबोर्डवरचा गणपती आणि मोबाइलचा स्टँड काचेच्या खालच्या कडेच्या वर येऊ देऊ नका. आतल्या आरशाला लटकवलेलं सगळं काढा.

मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्धा तास काढा. सोबत एक माणूस, खडू आणि टोकाला लाल फडकं बांधलेली १ मीटरची काठी हवी. लहान मूल साधारण एवढंच उंच असतं. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, पट्टा लावून रोजच्यासारखं बसायचं. मदतनिसाने काठी उभी धरून पुढच्या बंपरपासून हळूहळू लांब जायचं. फडकं दिसलं की जमिनीवर खूण. पुढे मध्यभागी, दोन्ही कोपऱ्यांवर आणि मागेही असंच करा. मागचं मोजताना कॅमेरा हिशोबात धरायचा नाही, फक्त काच आणि आरसे. खुणा जोडल्या की रेषेच्या आतला भाग तुमच्यासाठी नाहीच. घरात दोघं गाडी चालवत असतील तर दोघांचा नकाशा वेगळा काढा, कारण उंची बदलली की रेषा सरकते.

बाजूच्या खुणांआधी आरसे लावून घ्या. डोकं उजव्या काचेला टेकवा आणि उजवा आरसा बाहेर फिरवत न्या. गाडीची बाजू आरशाच्या आतल्या कडेला जेमतेम दिसेल तिथे थांबा. मग डोकं दोन सीटांच्या मधोमध आणून डावा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर आरशात स्वतःची गाडी दिसणार नाही. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं, पण मागचं दाखवायला आतला आरसा आहेच. अमेरिकेत जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत लेन पाळणाऱ्या रस्त्यासाठी आहे. द्रुतगती मार्गावर ती उत्तम चालते. पुण्या-मुंबईच्या गर्दीत मात्र दुचाक्या दाराला घासून पुढे येतात आणि इतक्या बाहेर वळवलेल्या आरशातून त्या निसटतात. म्हणून शहरात आरसे थोडे आत घ्या: सरळ बसून मागच्या दाराची बोटभर पट्टी दिसली पाहिजे. आता मदतनिसाला गाडीपासून दीड मीटर अंतर ठेवून मागून पुढे चालायला सांगा. तो आरशातून गेला तिथे एक खूण, मान न वळवता डोळ्याच्या कडेने दिसला तिथे दुसरी. मधल्या पट्ट्यासाठी लेन बदलताना मान वळवावीच लागते. पट्टा मोठा निघाला तरच गोल आरसा घ्या आणि तो बाहेरच्या कोपऱ्यात चिकटवा. त्यात गाड्या आहेत त्यापेक्षा फार लांब दिसतात, तेव्हा अंतर त्यावरून जोखू नका.

ए-पिलरवर आरशाचा इलाज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १२५ क्रमांकाच्या नियमात दोन्ही डोळ्यांनी पाहताना एका खांबाआड ६ अंशांपर्यंत दृष्टी झाकलेली चालते. ६ अंश म्हणजे २० मीटरवर सुमारे २.१ मीटर: आडवी जाणारी अख्खी मोटरसायकल. त्यात तुमचा आणि तिचा वेग जुळला की ती खांबामागेच राहते, थेट चौकापर्यंत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा खांब डोळ्याजवळ येतो आणि जास्त झाकतो. उजवीकडे वळताना, गोल चौकात शिरताना आणि घाटातल्या उजव्या वळणावर नेमकं तिथूनच पाहायचं असतं. उपाय एकच, अंगाचा: कंबरेपासून पुढे झुका, मग मागे या. डोकं वीतभर हललं की खांबामागचं उघडं पडतं. नुसती मान वळवून भागत नाही.

गाडी मागे घेताना पार्किंग सेन्सरवर विसंबू नका. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचे आहेत, पण बारीक खांब, बुटका कठडा आणि उघडं गटार त्यांच्या नजरेतून सुटतं. चिखल बसला की ते उगाच वाजतात किंवा गप्प बसतात. कॅमेऱ्याचं भिंग पावसाळ्यात रोज पुसा.

पावसात काच धुरकट झाली तर आधी बोटाने पाहा, वाफ आतून आहे की बाहेरून. आतून असेल (घाटातला गार पाऊस, चार माणसं, ओले कपडे) तर एसी चालू, हवेचा झोत काचेवर आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून थंडी वाजली तरी तो बंद करायचा नाही, तापमान वाढवा. बाहेरून असेल तर काच जास्त गार झाली आहे. मुंबईच्या दमट पावसात हे हमखास होतं. वायपर मारा, झोत काचेवरून हटवा आणि एसीचं तापमान वाढवा. इथे गडबडून काचेवर थंड झोत सोडला की वाफ आणखी धरते.

रात्री समोरच्या दिव्यांभोवती तेजोवलय दिसत असेल तर काचेला आतून तेलकट थर बसलेला असतो. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून तो सोडतं आणि वरून पॉलिश मारलं की आणखी वाढतो. मायक्रोफायबरचं एक कापड क्लीनरसाठी आणि दुसरं कोरडं, अशी दोन वापरा. वायपरचं रबर मे महिन्याच्या अखेरीस बदला. उन्हाने कडक झालेलं रबर पाणी ओढत नाही, नुसतं पसरवतं. नवं रबरही थरथरत असेल तर आधी काच घासून धुवा, दोष बहुधा काचेवरच्या मेणाचा असतो.

काळ्या फिल्मचा मोह टाळा. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम सांगतो. जाळीचे पडदेही रात्री आणि पावसात काढून ठेवा.