नदी-तलावांवरचे स्वयंचलित संवेदक : या चुका टाळा

पाण्याची पातळी किंवा गुणवत्ता मोजणाऱ्या संवेदकाचे (सेन्सरचे) आकडे विचित्र येऊ लागले की पहिला संशय यंत्रावर जातो आणि ते बदलण्याचा प्रस्ताव तयार होतो. प्रत्यक्षात दोष बहुधा बसवण्यात किंवा देखभालीत असतो.

पातळीच्या बाबतीत मुख्य घोळ शून्याचा, म्हणजे पातळी जिथून मोजायची त्या बिंदूचा होतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. हे आकडे तिथल्या मोजपट्टीचे आहेत, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे नव्हेत. पुलाखालचा रडार संवेदक तर पातळी मोजतच नाही. तो पाण्यापर्यंतचे अंतर मोजतो आणि ते स्वतःच्या नोंदवलेल्या उंचीतून वजा करतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर तो चार बोटे खाली बसला आणि नवी उंची नोंदवायची राहिली, तर पाणी न वाढताही पातळी तेवढीच चढलेली दिसते. मोजपट्टीशी ताडताना फरक उन्हाळ्यात आणि पुरात सारखाच आला, तर शून्य चुकले आहे असे समजावे. ध्वनिलहरींच्या संवेदकात तापमानानुसार आकडा सुधारण्याची सोय बंद असेल, तर १० मीटर अंतरावर १० अंशांच्या फरकाने सुमारे १७ सेंटिमीटरची चूक येते.

दाबावर चालणाऱ्या संवेदकाच्या हवानळीतील सिलिका जेलचे, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचे, निळे दाणे पावसाळ्यात ओलावा शोषून लवकर गुलाबी पडतात. ते वेळीच बदलावेत.

सांडपाणी मिसळणाऱ्या तलावात विरघळलेला प्राणवायू मोजणे हे खरे चिकाटीचे काम आहे. संवेदकाच्या टोपीवर बुळबुळीत थर चढतो, आणि त्यातील शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते व रात्री शोषते, म्हणून आलेख तलावाचा नसून त्या थराचा असू शकतो. अशा वेळी थेट अंशशोधन (संवेदकाचे वाचन ज्ञात मूल्याशी जुळवणे, कॅलिब्रेशन) करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण मळाचा परिणाम त्यात कायमचा मुरतो. आधी वाचन घ्यावे, मऊ कापडाने टोपी पुसावी, त्याच पाण्यात पुन्हा वाचन घ्यावे, दोहोंतील फरक वहीत लिहावा आणि मगच अंशशोधन करावे. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. त्या दाबाचा आकडा उपकरणात भरला नाही, तर अंशशोधनच चुकते.

प्राणवायूचा नीचांक पहाटेऐवजी मध्यरात्रीच्या सुमारास दिसत असेल, तर तलावाला दोष देण्यापूर्वी संवेदकाचे घड्याळ तपासावे. ते बहुधा भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, जागतिक प्रमाणवेळेवर चाललेले असते.