गाल सुजला: सकाळी जायचं की आत्ताच?

माझी बरीचशी नोकरी नागपुरात कॅज्युअल्टीत, म्हणजे दवाखान्याच्या तातडीच्या विभागात गेली, सिस्टर म्हणून. गाल धरून आलेला माणूस आधी सांगायचा किती ठणकतंय ते. मी विचारायची, थुंकी गिळता येते का?

दुखण्यावर जाऊ नका. किडलेल्या दाढेची नस मेली की ठणका थांबतो, पण पू आतून पसरतच राहतो. "दुखणं गेलं बाप्पा, सूज तेवढी राहिली" असं कुणी म्हटलं की मी आधी खुर्ची पुढे करायची.

हनुवटीखाली बोटांनी दाबून पाहा. तिथे लाकडासारखं टणक लागतंय, जीभ वर उचलली गेलीय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, आडवं झालं की जीव घाबरतोय, यातलं एकही असलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन लावून अँब्युलन्स बोलवा, नाहीतर मेडिकल किंवा मेयो, ही नागपुरातली दोन मोठी सरकारी रुग्णालयं, त्यातलं जे जवळ असेल ते गाठा. पेशंटला बसवूनच न्या. डोळा सुजून मिटायला लागला किंवा थंडी वाजून ताप भरला, तरी रात्रीच निघायचं. आणि सूज नसताना जबडा दुखतोय, छातीवर दाब आहे, घाम फुटलाय, तर ते हृदयाचं समजा. दातवाल्याकडे वेळ घालवू नका.

तोंड किती उघडतं? साधारणपणे आपलीच तीन बोटं उभी मावतात; सुजेबरोबर ते कमी झालं असेल तर तीही रात्रीच निघायची खूण. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांचं आधीच आखडलेलं असतं, म्हणून त्यांनी कालच्यापेक्षा कमी झालंय का ते बघावं. (खर्रा सोडा हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तो विषय वेगळा.)

यातलं काही नाही, फक्त गाल सुजलाय? मग सकाळी दाताचा डॉक्टर. मेडिकलच्या आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे. शुगर असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा. जेवताना फुगून नंतर ओसरणारी सूज बहुधा लाळग्रंथीतल्या खड्याची, तीही दाखवायचीच.

तोवर गरम शेक नको, बाहेरून थंड पट्टी ठेवा. सुईनं टोचायचं नाही. अ‍ॅस्पिरिन हिरडीशी दाबून ठेवायची नाही, कातडी भाजते. घरात उरलेली अँटिबायोटिकही नको. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर ते चिठ्ठीवर लिहून घ्या. तोंड उघडत नसलं की बोलून सांगणं जमत नाही.