क्लिनोस्टॅटवर कॅन्सरच्या पेशी: या चुका टाळा

मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या घरात गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. आमचा क्लिनोस्टॅट, म्हणजे पेशींचं भांडं सतत फिरवून त्यांना गुरुत्वाची दिशा कळू न देणारं यंत्र, मात्र फिरत होता, आणि त्यातल्या एमसीएफ-७ पेशी, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या, तिसऱ्या दिवशी भराभर मरत होत्या. विद्यार्थी खूश: सूक्ष्मगुरुत्वाचा, म्हणजे गुरुत्व जवळपास न जाणवण्याचा, परिणाम मिळाला! मी फ्लास्कलाच तापमापक चिकटवला. साडेएकोणचाळीस.

क्लिनोस्टॅट ज्यात ठेवतात तो साधा इन्क्युबेटर, म्हणजे पेशी उबेत वाढवायचं कपाट, फक्त तापवतो, गार करत नाही. ३७ अंश टिकवायचे तर खोली त्याहून निदान पाच अंशांनी थंड हवी. त्यात आम्ही क्लिनोस्टॅटची मोटार आत ठेवलेली, तिची ऊब वेगळीच. उन्हाळ्यात एसी बंद ठेवून हा प्रयोग खानदेशात होत नाही, हे गाइडने आधीच मान्य करावं. मोटार बाहेर ठेवून दांडा आत घेता आला तर उत्तम. मग आतल्या दमटपणाने ती गंजतही नाही.

दुसरा मोठा शत्रू बुडबुडा. आमच्या प्रयोगशाळेतले आबा फ्लास्क उजेडात धरून एवढंच म्हणाले, "यामां बुडबुडा शे." दोन आठवड्यांचं काम तिथेच संपलं. भांडं फिरतं तसा बुडबुडा सतत वर सरकतो, द्रव ढवळतो, आणि त्या घासण्याने पेशींचे गोळे फुटतात. फ्रिजमधलं गार माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, थेट भरलं की हे ठरलेलंच, कारण गार द्रवात वायू जास्त विरघळतो आणि ३७ अंशांवर तो बाहेर पडतो. माध्यम आधी इन्क्युबेटरमध्ये झाकण सैल ठेवून कोमट होऊ द्या, फ्लास्क गळ्यापर्यंत भरा, तिरका धरून टिचक्या मारा आणि चार तासांनी पुन्हा बघा. एकदा बघून भागत नाही.

फ्लास्क काठोकाठ भरला की नवी भानगड. कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी न फिरवता ठेवलेल्या, फ्लास्कमध्ये नेहमीप्रमाणे पाच मिली माध्यम आणि फिरणारा मात्र भरगच्च, असं कित्येकदा चालतं. मग फरक गुरुत्वाचा की ऑक्सिजनचा, हे कसं सांगणार? कमी ऑक्सिजननेही कॅन्सरच्या पेशींची जनुकं बदलतात. कंट्रोलही तेवढाच भरा.

आणि नुसता स्थिर कंट्रोल पुरत नाही. क्लिनोस्टॅट रहाटासारखा आडव्या आसावर फिरतो. त्याच मोटारीवर, त्याच वेगाने, दुसरा फ्लास्क जात्यासारखा उभ्या आसावर फिरवा. थरथर आणि हिसके सारखे, पण गुरुत्वाची दिशा बदलत नाही. दोन्ही फ्लास्कमध्ये सारखाच परिणाम दिसला, तर तो गुरुत्वाचा नाही.

वेगाबद्दल गैरसमज आहे की जितकं जोरात, तितकं गुरुत्व कमी. मिनिटाला ६० फेऱ्या आणि आसापासून ३ मिलिमीटर अंतर असेल तर बाहेर फेकणारा जोर सुमारे ०.०१२ जी (१ जी म्हणजे जमिनीवरचं गुरुत्व). तोच ३ सेंटिमीटरवर ०.१२ जी होतो, चंद्रावरच्या गुरुत्वाच्या जवळपास पाऊण! फ्लास्कच्या कडेच्या पेशी त्यामुळे वेगळ्याच जगात असतात. नमुना आसाजवळचाच घ्या. तसंही गुरुत्व कुठे जात नाही, त्याची दिशा पेशीला कळू नये एवढीच ही युक्ती. अंतराळ स्थानकातही ते जमिनीवरच्या नव्वद टक्के असतं; तिथे स्थानकासह सगळंच पृथ्वीकडे पडत असल्याने ते जाणवत नाही.

लोडशेडिंगचं सांगायला नको. मोटार रात्री अर्धा तास थांबली तरी पेशी खाली बसू लागतात, आणि सकाळी सगळं सुरळीत दिसतं. म्हणून मोटार इन्व्हर्टरवर, आणि शक्य असेल तर फेऱ्या मोजणारा सेन्सर.

नमुना काढताना बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. काही दिवसांनी काही पेशी तळाला चिकटलेल्या राहतात, काहींचे तरंगते गोळे होतात. दोन्ही एकत्र करून आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत हे सांगणारा रेणू) काढला, तर दोघांचीही गोष्ट हरवते. वेगळे काढा. मशीन थांबवून चहाला जाऊ नका. पेशी गुरुत्वाला काही मिनिटांत प्रतिसाद देऊ लागतात, म्हणून स्थिरीकरणाचा द्रव, म्हणजे पेशी आहे त्या स्थितीत गोठवून ठेवणारा, आधीच हाताशी ठेवा.

पेशींची ओळखही तपासा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेली लाइन (एकाच प्रकारच्या पेशींचा वाण) शेजारच्या हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक कामाच्या कपाटात, हेला या भराभर वाढणाऱ्या दुसऱ्या कर्करोग-पेशींच्या शिंतोड्याने बिघडते, आणि मायकोप्लाझ्मा हे बारीक जिवाणू तर डोळ्यांनी दिसतच नाहीत. आता आम्ही दर महिन्याला त्यांच्यासाठी पीसीआर, म्हणजे डीएनएवरून ओळखण्याची चाचणी, करतो. फ्लास्क उजेडात धरून बघायचं काम मात्र आबांकडेच आहे.