जुन्या तसबिरीचा काळ दागिन्यांवरून ठरवताना या चुका टाळा

नथ, तन्मणी आणि पगडी एका चौकटीत दिसली की तसबीर पेशवेकालीन ठरवून मोकळे व्हायचे, ही सवय जुन्या नाशकातील वाड्यांत चांगलीच मुरलेली आहे. वाटण्या होतात किंवा वाडा पाडायला निघतो, तेव्हा बैठकीतील पणजोबा-पणजीच्या तसबिरी खाली उतरतात आणि त्यांच्या वयाचा प्रश्न निघतो. पेशवाई १८१८ मध्ये संपली. त्याआधी, १७९० च्या दशकात, जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात सवाई माधवरावांचे तैलचित्र रंगवले हे खरे. परंतु कॅनव्हासवर स्वतःची छबी काढून घेणे ही तेव्हा दरबारी मंडळींची गोष्ट होती. सावकार, वकील आणि मामलेदारांच्या घरी ही हौस सर्रास पोहोचली ती मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा सुरू झाल्यानंतर आणि तेथून शिकून निघालेले चित्रकार व ड्रॉइंग मास्तर अशी कामे घेऊ लागल्यानंतर. त्यामुळे मध्यमवर्गीय घरातील तैलचित्राला पेशवाईपर्यंत मागे नेण्यापूर्वी भक्कम पुरावा हवा, आणि नथ हा तसा पुरावा नव्हे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चित्रातील सर्वांत जुन्या वस्तूवरून तारीख ठरवणे. दागिना सासूकडून सुनेकडे जातो, वारशाने फिरतो, आणि चित्रासाठी बसताना बाई घरातील ठेवणीतलेच काढून घालते. वज्रटीक, चिंचपेटी, ठुशी, बुगडी हे घाट पिढ्यान्‌पिढ्या फारसे न बदलता घडत आले. सराफ बाजारात ते आजही मिळतात. म्हणून अशा दागिन्यावरून फार तर घराची ऐपत आणि चालरीत कळते, चित्राचे वर्ष कळत नाही. चित्र कधीच्या आधीचे असू शकत नाही हे ठरते ते त्यातील सर्वांत नव्या वस्तूवरून, मग ती वस्तू कितीही क्षुल्लक असो. तन्मणी घातलेल्या आजींच्या शेजारी बसलेल्या आजोबांच्या मनगटावर घड्याळ असेल, तर तन्मणी बाजूला ठेवून घड्याळाकडे पाहावे: पुरुषांच्या मनगटी घड्याळाचा प्रसार पहिल्या महायुद्धानंतरचा आहे, त्याआधी साखळीचे घड्याळ खिशात असे.

दागिन्यांमध्ये काळाबाबत खरोखर बोलणारा प्रकार म्हणजे नाण्यांची माळ, आणि नेमकी तिथेच गफलत होते. पुतळ्यांच्या माळेतील पुतळी ही मुळात व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावरून आली. पुढे आपल्याकडील सोनार ठशावर तशाच चकत्या पाडत राहिले, त्यामुळे पुतळी दिसली म्हणून काळ मागे जात नाही. माळेत खरे चलनी रुपये ओवलेले असतील तर मात्र भिंग घेऊन बसावे. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८७७ पासून ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ असे आले. पण चित्रात इतकी बारीक अक्षरे क्वचितच उमटतात. चेहरा मात्र उमटतो. सातव्या एडवर्डच्या रुपयावर, म्हणजे १९०३ ते १९१० च्या नाण्यांवर, राजाच्या डोक्यावर मुकुट नाही, तर १९११ पासूनच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर तो आहे. चित्रकार काटेकोर असेल आणि त्याने दाढीवाला, मुकुटधारी राजा चवलीएवढ्या जागेत स्पष्ट काढला असेल, तर ते चित्र १९११ च्या आधीचे असूच शकत नाही, मग घरातील मंडळी काहीही सांगोत. उलट दिशेने हा तर्क लावू नये. राणीछाप रुपयांची माळ पुढे पन्नास वर्षे गळ्यात राहू शकते.

मोत्यांच्या बाबतीत तर बोलणेच नको. नथीतील मोती बसऱ्याचे, म्हणजे नैसर्गिक, की कल्चर केलेले, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, हे रंगाच्या ठिपक्यावरून कोणालाही सांगता येणार नाही, तरी ते छातीठोकपणे सांगणारे भेटतात.

कपडे दागिन्यांपेक्षा लवकर बदलतात, म्हणून ते अधिक उपयोगाचे. परंतु तेही वय, जात आणि व्यवसाय यांसह वाचावे लागतात. नऊवारी लुगडे पाहून चित्र एकोणिसाव्या शतकातील मानणे ही नेहमीची चूक आहे, कारण शहरांत शिकलेल्या तरुण मुली सहावारीकडे वळल्यानंतरही त्यांच्या आया आणि आज्या कित्येक दशके नऊवारीच नेसत होत्या. लुगड्यापेक्षा पोलके नीट पाहावे. पुढे गाठ मारलेली चोळी, लेस लावलेले लांब बाह्यांचे पोलके, खांद्यावर पदराला लावलेला ब्रूच, हे तपशील चित्रकार सहसा मनाने घालत नाही. फुग्याच्या बाह्यांबाबत सावध राहावे, कारण विलायती फॅशनमध्ये त्या १८९० च्या दशकात होत्या आणि १९३० च्या दशकात पुन्हा आल्या. नुसत्या बाहीवरून चाळीस वर्षांची चूक सहज होते. अंगावर एकही दागिना नसणे हेही गरिबीचे किंवा आधुनिकतेचे लक्षण मानू नये, कारण ते वैधव्याचे असू शकते. कपाळ आणि मनगट पाहिले की उलगडा होतो.

पुरुषांत पांढरी गांधी टोपी असेल तर चित्र असहकार चळवळीच्या, म्हणजे १९२० च्या, सुमाराचे किंवा नंतरचे. पगडी आणि उपरणे मात्र पंचवटीतील क्षेत्रोपाध्यायांच्या घरी, इतर लोक कोट-टोपीत आल्यानंतरही, धर्मकार्याला टिकून होते.

बाईची नथ उजव्या नाकपुडीत दिसली तर घाईने वेगळी रूढी शोधू नये. आपल्याकडे नथ डावीकडे घालतात; ती उजवीकडे असेल तर फोटोची काच (म्हणजे काचेची निगेटिव्ह) उलटी ठेवून काढलेल्या प्रतीवरून चित्र रंगवले असण्याचा संभव आधी तपासावा. कोटाची बटणे आणि पदर कोणत्या खांद्यावर आहे हे पाहिले की शंका मिटते.

पुष्कळ तसबिरी अशा फोटोवरूनच, आणि बऱ्याचदा माणूस गेल्यानंतर, रंगवलेल्या असतात. तेव्हा पेहराव एका काळाचा आणि रंग दुसऱ्या काळाचा, असे दोन वेगळे उत्तर निघते आणि दोन्ही लिहून ठेवावे लागते. कित्येक ‘तैलचित्रे’ तर मोठ्या केलेल्या फोटोवर हाताने रंग चढवलेली असतात. चौकटीखाली झाकलेल्या कडेला, जिथे कुंचला पोहोचला नाही, तिथे फोटोचा करडा किंवा तपकिरी थर उघडा दिसतो.

नंतर केलेली भर ही आणखी एक अडचण. गोदावरीचे पाणी १९६९ च्या महापुरात ज्या घरांत शिरले, तेथील तसबिरी पुढे जमेल त्याच्याकडून दुरुस्त करून घेतल्या गेल्या असतील, तर कुंकू, मंगळसूत्र आणि लुगड्याचा काठ नव्याने गिरवलेला असण्याची शक्यता धरूनच चालावे. जुना रंग वाळून तडकतो तेव्हा त्यावरील मण्यालाही तडा जातो. काळा मणी तड्यावरून अखंड गेला असेल किंवा त्याचा रंग तड्यात उतरून साचला असेल, तर तो मणी नंतरचा आहे, आणि कालनिर्णयातून तो वगळावा.

पाठीमागची बाजू न पाहता निकाल देऊ नये. कॅनव्हासवर विन्सर अँड न्यूटन या विलायती रंगसाहित्याच्या कंपनीचा शिक्का असेल तर कापड १८३२ नंतरचे, कारण ती कंपनीच त्या वर्षी सुरू झाली. पाठीच्या फळीला चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तारीख असेल, तर ती फळी कधी बसवली एवढेच त्यावरून कळते. निष्कर्ष लिहिताना ‘१९१५’ असा एकच आकडा न देता ‘१९११ नंतर, बहुधा १९२५ पूर्वी’ असे लिहावे आणि कोणती सीमा कशावरून काढली तेही नोंदवावे. ही नोंद वेगळ्या कागदावर करून चौकटीच्या मागे पाकिटात ठेवावी. कॅनव्हासच्या पाठीवर पेनाने लिहू नये, आणि राजाचा मुकुट नीट दिसावा म्हणून ओल्या फडक्याने किंवा कापलेल्या बटाट्याने चित्र पुसू नये, कारण त्यात मुकुटच निघून जाण्याची भीती असते.