नवी कार ताब्यात घेताना या चुका टाळा

पाडवा किंवा दसरा जवळ आला, की बेळगाव-निपाणी भागातील शोरूममध्ये मुहूर्त गाठण्याची घाई उडते आणि गाडी तपासायची राहून जाते. त्याहून मोठी चूक म्हणजे तपासणी डिलिव्हरीच्या दिवसावर ढकलणे. तोवर गाडीची नोंदणी होऊन लाइफ टॅक्सही भरला गेलेला असतो. मग दोष कितीही ठळक असला, तरी विक्रेता गाडी बदलून देण्यास सहसा राजी होत नाही आणि दुरुस्तीवर बोळवण होते. म्हणून आपल्या गाडीचा चासी नंबर (सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) ठरताच, नोंदणीपूर्वी आणि उरलेली रक्कम देण्याआधी, स्टॉकयार्डात जाऊन तीच गाडी पाहण्याचा आग्रह धरावा.

पाहणी दिवसाउजेडी आणि कोरड्या गाडीची करावी, कारण खानापूरकडच्या पावसात भिजलेल्या किंवा नुकत्याच धुतलेल्या पत्र्यावर बारीक ओरखडे दिसत नाहीत. बॉनेट उघडून मडगार्डचे बोल्ट निरखावेत. त्यांच्या रंगावर पान्याच्या खुणा असतील, तर तो भाग का उघडला होता, हे विचारावे. टायरवर ‘३२२५’ असे चार अंक असतील, तर तो २०२५ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला असतो. स्टेपनीसह पाचही टायर पाहावेत. एखादाच फार जुना निघाल्यास खुलासा मागावा. एसी, काचा, वायपर, दिवे हे सारे चालवून पाहण्यास दहा मिनिटे पुरतात.

कोऱ्या फॉर्म २० वर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या अर्जावर, सही करण्याची आपल्याकडची सवय मात्र घातक आहे. गाडीच्या उत्पादनाचा महिना व वर्ष त्याच अर्जात नोंदवायचे असते. इनव्हॉइस, विमा आणि फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र) यांवरील चासी व इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी अक्षरशः जुळवावेत.

दोष आढळल्यास ‘पहिल्या सर्व्हिसिंगला करून देऊ, साहेब’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ अशा छापील मजकुराखाली सही करण्यापूर्वी तेथेच दोष लिहावा, विक्री प्रतिनिधीची सही घ्यावी आणि फोटोंसह ईमेल पाठवावा. गाडी कोल्हापुरात घेतली, म्हणून दाद मागण्यासाठी तिकडेच खेटे घालावे लागतात, असेही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.