एनएफएस सर्व्हर उभारताना मालकीचे आकडे आधी जुळवा

एनएफएस म्हणजे एका मशीनवरची (सर्व्हरवरची) डिरेक्टरी नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला (क्लायंटला) वापरू देण्याची सोय. डेबियन लिनक्स असलेलं व्हर्च्युअल मशीन तयार आहे आणि रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी युजरचे, अधिकार तुमच्याकडे आहेत, असं धरून सांगतोय.

मशीनचं नेटवर्क कार्ड नॅटवर (यजमान संगणकाच्या पत्त्याआड) असेल तर ब्रिज्डवर (नेटवर्कला थेट जोडलेलं) घ्या. नॅटमागच्या सर्व्हरपर्यंत इतर मशीन थेट पोचत नाहीत. आयपी पत्ता कायमचा नेमून द्या, 'एनएफएस-कर्नल-सर्व्हर' पॅकेज टाका, '/एसआरव्ही/डेटा' ही डिरेक्टरी बनवून तुमच्या युजरच्या मालकीची करा आणि फायरवॉलमध्ये टीसीपीचा 2049 पोर्ट उघडा. एनएफएसच्या आवृत्ती 4 ला तेवढा एकच पुरतो.

'/ईटीसी/एक्सपोर्ट्स' मध्ये एकच ओळ लिहायची: डिरेक्टरी, क्लायंटचा पत्ता आणि त्याला चिकटून कंसात आरडब्ल्यू (वाचणं-लिहिणं), सिंक (डिस्कवर लिहून झाल्यावरच उत्तर) हे पर्याय. चिकटून म्हणजे चिकटूनच! मध्ये एक स्पेस पडली तर त्या क्लायंटला नुसतं वाचता येतं, आणि लिहायची मुभा मिळते बाकी सगळ्यांना. ही ओळ लागू करायला 'एक्सपोर्टएफएस -आरए' चालवा आणि ती डिरेक्टरी क्लायंटवर माउंट करा, म्हणजे जोडून घ्या.

माउंट बिनबोभाट होतं. फाइल लिहायला गेलात की 'परमिशन डिनाइड'. पहिल्या सर्व्हरवर मी इथे दोन रात्री घालवल्या. दोन्हीकडे युजरचं नाव तेच, पासवर्ड तोच, मग अडतंय कुठे? शेवटी दोन्हीकडे 'एलएस -एलएन' चालवलं. त्यात मालकाच्या नावाऐवजी क्रमांक दिसतो. सर्व्हरवर 1000, क्लायंटवर 1001. क्लायंटवर आधी दुसरं खातं उघडलेलं होतं, म्हणून माझ्या खात्याला पुढचा आकडा मिळाला होता. एनएफएसच्या नेहमीच्या मांडणीत सर्व्हर परवानगी तपासतो ती या आकड्यावरून. नावाशी त्याला देणंघेणं नाही.

या टप्प्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे डिरेक्टरीला 777, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, द्या. देऊ नका. त्याने कोणीही काहीही पुसू शकतो, आणि नव्या फाइली तरीही चुकीच्या आकड्याच्याच नावावर पडतात. एक्सपोर्ट्सच्या कंसातला 'नो_रूट_स्क्वॅश' हा पर्याय तर त्याहून घातक: क्लायंटचा रूट त्या डिरेक्टरीपुरता सर्व्हरचाही रूट होऊन बसतो.

खरा उपाय आकडे जुळवण्याचा, आणि तोही डेटा भरण्याआधी. क्लायंटवर त्या युजरला पूर्ण लॉगआउट करा. 1000 दुसऱ्या खात्याने अडवला असेल, तर दोन्हीकडे मोकळा असलेला एखादा आकडा ठरवा. रूट म्हणून 'युजरमॉड -यू' ने युजरचा आणि 'ग्रुपमॉड -जी' ने ग्रुपचा आकडा बदला. 'युजरमॉड' फक्त होम डिरेक्टरीतल्या फाइलींची मालकी बदलतो. बाहेरच्या जुन्याच आकड्यावर राहतात. त्या 'फाइंड' ने शोधून 'चोन' ने हाताने बदलाव्या लागतात. होममधल्या फाइलींचा ग्रुपही एकदा पाहून घ्या.

क्लायंटला हात लावता येत नसेल तर सर्व्हरच्या एक्सपोर्ट्समधल्या कंसात 'ऑल_स्क्वॅश', 'अनॉनयूआयडी=1000' आणि 'अनॉनजीआयडी=1000' घाला. मग कोणीही लिहिलं तरी फाइल 1000 चीच होते. माणसांच्या फाइली वेगवेगळ्या ठेवायच्या असतील तर हा मार्ग कामाचा नाही.

आता क्लायंटवरून एक रिकामी फाइल बनवा आणि सर्व्हरवर 'एलएस -एलएन' ने तिचा आकडा पाहा. बरोबर असेल तर क्लायंटच्या 'एफएसटॅब' मध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) '_नेटडेव्ह' (आधी नेटवर्क, मग माउंट) पर्यायासह ओळ घाला आणि मशीन एकदा रीबूट करून माउंट आपोआप होतंय का ते बघा.